न खाजणारा डाग



बांधावर उभे राहून उसाकडे एक नजर टाकली की आपल्याला फडाची प्रकृती कळते. शेंड्यातून काळा चाबूक निघाला की काणी. बुंध्यातून गवतासारखे बारीक, पिवळट-पांढुरके फुटवे आले की गवताळ वाढ. पानाच्या खालच्या बाजूला लोकर चिकटल्यासारखी दिसली की लोकरी मावा. हे ओळखायला आपण कुणाच्या शाळेत गेलो नाही. रोजचे पाहणे हीच आपली शाळा. २०२२ साली जनावरांत लंपीची साथ आली, तेव्हा बैलाच्या अंगावर दोन गाठी उठल्या तरी आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे धावलो. आणि आपल्या स्वतःच्या पाठीवर, घरधनिणीच्या हातावर, पोराच्या मांडीवर डाग उठला तर? "जाईल आपोआप," म्हणतो आणि सदरा खाली ओढतो.

एरवी या पानांवर ऊस, उतारा, बेणे आणि बिलाच्या गोष्टी असतात. या वेळी कातडीवर लिहावे असे आम्हांला वाटले, त्याला एक कारण घडले.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. वजनकाट्यापाशी गाड्यांची रांग लागली होती. आमचे एक जुने सभासद शेजारी बसून बिडी ओढत गप्पा मारत होते. बोलण्याच्या नादात बिडी जळत जळत बोटांपर्यंत आली. कातडी करपल्याचा वास आम्हांला आला, त्यांना पत्ता नाही. आम्ही ओरडलो, "भाऊ, बोट भाजतंय!" त्यांनी बिडी टाकली, बोटाकडे पाहिले आणि हसले. म्हणाले, "मले समजलंच नाही."

हसण्यासारखी गोष्ट नव्हती. त्या दोन बोटांवर जुन्या फोडांचे वण होते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळू लागले होते. बाही वर करायला लावली तर कोपराखाली रुपयाहून मोठा एक फिकट चट्टा. "हे कवापासून हाय, भाऊ?"

"झाले असतील दोन-अडीच वर्षं. खाजत नाही, दुखत नाही. मंग दाखवाचं कायले?"

या एका वाक्यात हा सगळा लेख आला. खाजणारा डाग माणसाला झोपू देत नाही, म्हणून तो स्वतःच डॉक्टरांकडे घेऊन जातो. न खाजणारा, न दुखणारा डाग मात्र गुपचूप बसतो, आणि घात तोच करतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. रोगाचे नाव आणि औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम. पण कुठला डाग घेऊन उद्या सकाळीच जायचे, एवढे ओळखणे आपल्यालाही जमते.

डागाला विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न: खाज आहे का, आणि कधी? दुसरा: स्पर्श कळतो का? तिसरा: कडा कशा आहेत? उठलेल्या, खवल्यांच्या, की सपाट? चौथा: हे घरात, गावात आणखी कुणाला आहे का? या चार प्रश्नांच्या उत्तरांनी निम्मी वाट सापडते. पाहणे मात्र दिवसाउजेडी करावे. कंदिलाच्या किंवा पिवळ्या दिव्याच्या उजेडात फिकट डाग दिसतच नाही.

घरोघरचे रोग

सर्वांत ओळखीची ती खरूज. उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल एवढा एक किडा कातडीत बारीक बोगदा करून अंडी घालतो. खाज रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढते. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती, कंबर, मांड्यांचे सांधे ही तिची ठिकाणे. तान्ह्या मुलांत तळहात-तळपायांवरही पुटकुळ्या येतात. तिची खरी खूण चौथ्या प्रश्नात आहे: एकाला झाली की घरभर होते. तोडणीच्या टोळीत एका कोपीत पाच-सहा माणसे एका वाकळेत झोपतात, तिथे ती आठवड्यात पसरते. इथे आपली नेहमीची चूक अशी की ज्याला जास्त खाज त्यालाच औषध लावतो. औषध घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत लावायचे. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा. कपडे, वाकळा गरम पाण्यातून काढून कडक उन्हात टाकायच्या. औषधानंतरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते. म्हणजे औषध वाया गेले असे नव्हे.

दुसरे गजकर्ण, म्हणजेच नायटा. गोल चकती, कडा उठलेल्या आणि लालसर, त्यावर खवले, मधला भाग मात्र स्वच्छ होत जाणारा. जांघ, कंबर, काख, जिथे घाम आणि ओल तिथे. ही बुरशी आहे. पूर्वी साध्या मलमाने महिनाभरात जायची. आता जात नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी आपणच जबाबदार आहोत. दुकानातून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून आपण जी ट्यूब आणतो, तिच्यात अनेकदा तीन-चार औषधांची मिसळ असते आणि त्यांतले एक असते स्टिरॉइड. स्टिरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत बसते. आपण म्हणतो, वा, काय गुण आला! पण बुरशी आत जिवंत असते. ट्यूब थांबली की ती दुप्पट पसरते, आणि आता तिची चकतीही नीट राहत नाही, त्यामुळे डॉक्टरांनाही ओळखणे अवघड जाते. वर कातडी पातळ होऊन भेगांसारखे कायमचे पट्टे पडतात ते वेगळेच. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडची कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ट्यूब मिळतेच, आणि आपण घेतोच. चार दिवसांत बरा होऊन महिन्यात परत येणारा नायटा म्हणजे ट्यूबने दडवलेला नायटा, हे ध्यानात ठेवा. पूर्ण औषध, सैल सुती कपडे, अंग कोरडे, आणि टॉवेल ज्याचा त्याचा.

तिसरी शिबं. छाती, पाठ, मान यांवर फिकट किंवा तपकिरी बारीक ठिपके, नखाने खरवडले तर कोंडा निघतो. घामाच्या दिवसांत वाढतात. हीसुद्धा एक बुरशीच आहे. फार खाजत नाही, घातकही नाही. पण फिकट डाग म्हणून लोक हिला भितात आणि पुढे सांगणार आहोत त्या डागाला मात्र "शिबं असतील" म्हणून सोडून देतात. कोंडा आणि स्पर्श, या दोन गोष्टी पाहिल्या की घोटाळा होत नाही. शिब्यावर स्पर्श कळतो.

चौथी खास आपल्या बांधावरची गोष्ट: गाजर गवत. कुणी काँग्रेस गवत म्हणतात. १९५५-५६ च्या सुमारास हे परदेशी तण पुण्याजवळ नजरेस आले आणि पाहता पाहता महाराष्ट्रभर आणि देशभर झाले. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याची काहींच्या कातडीला वावडी असते. वाऱ्यावर उडणाऱ्या त्याच्या कणांनीसुद्धा चेहरा, पापण्या, मानेच्या वळ्या, कोपराची आतली बाजू लाल होऊन, सुजून, खाजून पुढे कातडी जाड आणि काळी पडते. पावसाळ्यात वाढते, कोरड्या दिवसांत थोडे कमी होते. सदऱ्याखालची कातडी मात्र चांगली असते. ही त्याची खूण. अशा माणसाने निंदणीला गाजर गवत हातांनी उपटू नये, आणि फुलोऱ्यावर येण्याआधी ते काढण्याचे काम दुसऱ्याने हातमोजे घालून करावे. मलम लावून गवतातच उभे राहिले तर गुण यायचा कसा?

न खाजणारा डाग

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. फिकट किंवा लालसर तांबूस डाग. खाज नाही, दुखणे नाही. त्या जागेवर घाम येत नाही, लव झडते, कातडी कोरडी. आणि स्पर्श कळत नाही. परीक्षा सोपी आहे. माणसाला डोळे मिटायला सांगा. कापसाची बारीक वात किंवा मोरपिसाचे टोक आधी चांगल्या कातडीला लावा आणि लागले तिथे बोट ठेवायला सांगा. मग डागाला लावा. डागावर लागलेले कळत नसेल तर उद्याची वाट पाहू नका. सुई टोचून किंवा चटका देऊन मात्र कधीही पाहू नये. बधिर जागेवर जखम होईल आणि माणसाला ती कळणारही नाही.

हा कुष्ठरोग असू शकतो. आपल्याकडे ज्याला महारोग म्हणत, तोच. त्याचे जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन या डॉक्टरांनी शोधले. म्हणजे हे कुणाच्या पापाचे फळ नव्हे, क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला एक जंतू आहे, हे ठरून दीडशे वर्षे झाली. हा जंतू कातडीत आणि मज्जातंतूंत राहतो. कोपराच्या आतल्या हाडापाशी जी नस लागली की मुंग्या येतात, ती नस तो जाड करतो. मग करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते आणि वळू लागते. आमच्या भाऊंचे नेमके हेच झाले होते. पायाची नस गेली तर चालताना चप्पल पायातून निसटते आणि माणसाला कळत नाही. काहींत डाग नसतोच. कानाच्या पाळ्या जाड होतात, चेहऱ्यावर तेलकट चमक आणि गाठी येतात, भुवया विरळ होतात. बोटे "झडतात" ही समजूत चुकीची. रोग बोटे खात नाही. बधिर हात चुलीवर भाजतो, बधिर पायाला खिळा लागतो, दुखत नाही म्हणून जखम चिघळते, आणि बोटे जातात ती त्या जखमांनी.

आता कोडाविषयी, कारण इथे आपला समाज सर्वांत मोठा अन्याय करतो. कोड म्हणजे दुधासारखा पांढराशुभ्र डाग, कडा स्पष्ट, स्पर्श पूर्ण कळतो. कातडीला रंग देणाऱ्या पेशी शरीरच मारून टाकते, म्हणून तो होतो. तो लागत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा, लागत नाही. लोक त्याला "पांढरे कुष्ठ" म्हणतात. त्या शब्दाने किती मुलींची लग्ने मोडली असतील, ते ज्याचे त्याने मनाशी आठवावे. कोडाचा कुष्ठरोगाशी काडीचाही संबंध नाही. कुष्ठरोगाचा डाग असा पांढराफटक कधीच नसतो.

आपल्या विदर्भाचे ऋण

कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढायचे, ही जुनी रीत. ती मोडायचे मोठे काम आपल्या विदर्भात झाले, याचा आपल्याला अभिमान असायला हवा. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजी स्वतःच्या हातांनी करीत. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आपल्या विभागाच्या गावी, अमरावतीला, तपोवन उभे केले. बाबा आमट्यांचे वरोऱ्याचे आनंदवन आपण सर्व जाणतो. १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले आणि त्याचे ठाणे वर्ध्याला पडले.

त्या काळी औषध अपुरे होते, म्हणून आश्रम लागले. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. भारतात ही पद्धत ज्या जिल्ह्यांत सुरुवातीला राबवली गेली त्यांत वर्धा जिल्हा होता. आज रोग्याला आश्रमात ठेवण्याची गरज नाही. डाग थोडे असतील तर ६ महिने, जास्त असतील तर १२ महिने गोळ्या. सरकारी दवाखान्यात फुकट. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून लागण होण्याची भीती उरत नाही. लघवी तांबूस होते, कातडी काही महिने काळवंडते. ते औषधाचे रंग आहेत, घाबरून गोळ्या सोडू नयेत. मात्र मध्येच डाग लाल होऊन सुजले, नस दुखू लागली, हातापायातले बळ कमी झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. नस बिघडून सहा महिने उलटायच्या आत उपचार झाला तर पुष्कळदा ती परत कामाला लागते. उशीर झाला तर रोग बरा होतो, पण वाकडे बोट वाकडेच राहते.

२००५ च्या डिसेंबरात भारताने दर १० हजारांत एकाहून कमी रोगी, हे उद्दिष्ट गाठले. ते ऐकून पुष्कळांना वाटले, रोग संपला. संपला नाही. आजही जगातल्या नव्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक आपल्या देशात सापडतात. जंतू शिरल्यापासून डाग दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, कधी वीसही. बहुतेकांच्या अंगात त्याला रोखण्याची शक्ती मुळातच असते, म्हणून तो सहजासहजी लागत नाही. घरच्या माणसांना तपासून प्रतिबंधासाठी एकच मात्रा देण्याचीही आता सोय आहे.

कायदाही बदलला. १८९८ चा कुष्ठरोग्यांना कोंडून ठेवणारा कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण धरले जाई, ते २०१९ साली काढून टाकले. कायद्यातून गेले; आता आपल्या ओट्यावरून जायचे बाकी आहे.

क्वचित दिसणारे, पण आपल्या मुलखातले

दुर्मिळ रोग म्हणजे परदेशातले, असे वाटते. तसे नाही. घाटाखाली शेगाव तालुक्यात काय झाले ते सर्वांच्या स्मरणात आहे. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक हातात येऊ लागले. डोके खाजायचे आणि थोड्याच दिवसांत टक्कल. म्हातारे, तरणे, पोरीबाळी, कुणी सुटले नाही. आधी पाण्यावर संशय गेला, मग बुरशीवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक येऊन नमुने घेऊन गेले. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, ज्यांनी विंचूदंशावर आयुष्यभर काम केले, त्यांनी स्वतः गावांत जाऊन रक्त, केस आणि गहू तपासले. रोग्यांच्या अंगात आणि त्यांच्या खाण्यातल्या गव्हात सेलेनियम नावाचे द्रव्य फार वाढलेले आणि जस्त कमी आढळले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढे काहींची नखेही तडकली, गळाली. जास्त सेलेनियमने केस आणि नखे जातात हे जगाला नवे नव्हते. चीनच्या एन्शी भागात १९६० नंतरच्या दशकात हेच घडले होते. पण त्या दिवसांत आपल्याकडे काय झाले? कुणी "टक्कल व्हायरस" म्हटले आणि त्या गावांच्या सोयरिकीवर लोक बोलू लागले. यातून धडा असा की एकाच वेळी पुष्कळांना एकच लक्षण दिसले तर कारण बाहेर, पाण्यात, धान्यात, मातीत शोधायचे. गावाने मिळून आरोग्य केंद्राला कळवायचे. आणि धान्याचा मूठभर नमुना राखून ठेवायचा.

दुसरे, नुसत्या भाकरीवर राहणाऱ्याचा रोग, पेलाग्रा. उन्हात उघड्या असणाऱ्या कातडीवर, हातांच्या आणि पायांच्या पाठीवर, दोन्हीकडे सारखी, काळपट, भेगाळ, भाजल्यासारखी कातडी होते, आणि गळ्याभोवती माळेसारखा पट्टा. सोबत जुलाब आणि मनाचा गोंधळ. नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हा होतो. दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत तो का दिसतो, याचा अभ्यास १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संस्थेतले डॉ. सी. गोपालन यांनी केला. भाकरीत दोष नाही. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे, अंडे नाही, हा दोष. आज हा रोग विशेषतः दारूच्या आहारी गेलेल्यांत दिसतो, म्हणून सांगून ठेवले.

तिसरे, कमरेवरचा व्रण. वर्षानुवर्षे धोतर किंवा लुगडे एकाच रेषेवर आवळल्याने तिथली कातडी काळी, जाड, खवल्यांची होते, आणि क्वचित तिथे कर्करोग होतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातले डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ साली हा "धोतराचा कर्करोग" जगापुढे मांडला. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. दोघींच्याही कमरेवरचा व्रण कित्येक महिने बरा होत नव्हता, आणि तो कर्करोग निघाला. आयाबायांना आमची विनंती एवढीच की परकराची नाडी सैल ठेवा, रुंद पट्टी वापरा, गाठीची जागा बदलत राहा. आणि घरातल्या म्हातारीला एकदा विचारा, "आजी, कमरेला काही झालंय का?" ती आपण होऊन सांगणार नाही.

चौथी खूण फडातली. गवतात काम केल्यावर ताप आला आणि अंगावर कुठे विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली, काखेत, जांघेत, कमरेला, तर डॉक्टरांना ती खपली दाखवा. स्क्रब टायफस नावाच्या तापाची ती खूण असू शकते. गवतातल्या बारीक किड्याच्या चावण्याने तो होतो. २०१८ साली नागपूरकडे त्याची साथ आली होती. योग्य औषध वेळेवर मिळाले तर बरा होतो. अंगावर काढला तर जीव घेतो. खपली दुखत नाही, म्हणून ती कुणी दाखवत नाही. पुन्हा तेच!

आणि शेवटचे, तळपायावरचा किंवा नखाखालचा काळा डाग, जो वाढतो, रंग किंवा कडा बदलतो, किंवा ज्यातून रक्त येते. सावळ्या माणसांत कातडीचा घातक कर्करोग बहुधा तळपायालाच होतो. आपण अनवाणी चालणारी माणसे. तळपाय पाहतो तो फक्त काटा काढायला.

आता काय करायचे

महिन्यातून एकदा, अंघोळीच्या वेळी, दिवसाउजेडी सगळे अंग पाहावे. पाठ एकमेकांची पाहावी. नवरा-बायकोंनी, मायलेकींनी लाजू नये. लहान मुलांचे अंग आईने पाहावे. बधिर डाग, महिनाभरात न भरणारी जखम, वाढणारा काळा डाग, तापासोबतची काळी खपली, आणि एकाच वेळी अनेकांना झालेले लक्षण, या पाच गोष्टींत एक दिवसही दवडू नये. गावातल्या आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा चिखलीच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. ट्यूब आणून लावू नका, झाडपाल्याने भाजू नका.

मुकादम बंधूंना आणि सभासदांना आणखी एक सांगणे. टोळीतल्या एखाद्या बाईच्या अंगावर डाग दिसला म्हणून त्या जोडप्याला उचल फेडून घालवून देऊ नका. घालवून दिले की बाकीचे आपले डाग लपवतील. रोग पसरतो तो लपवण्याने. त्यांना दवाखान्यात न्या, गोळ्या सुरू करा, आणि कामावर ठेवा. तेच माणुसकीचे आणि तेच शहाणपणाचे.

भाऊंचे काय झाले, ते सांगायचे राहिले. आम्ही त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. १२ महिने गोळ्या चालल्या, एकही चुकली नाही. रोग बरा झाला. करंगळी आणि शेजारचे बोट मात्र वळलेलेच राहिले. कोयत्याची मूठ आता पूर्वीसारखी आवळता येत नाही. परवा भेटले तेव्हा खरे कारण बोलले. फडात गरम पाण्याने हात भाजला होता, ते कळले नव्हते, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण तेव्हा धाकट्या मुलीचे जमवायचे चालले होते. "नाव निघालं असतं तर पोरीचं जमलं नसतं," म्हणाले. म्हणून अडीच वर्षे बाही खाली. मुलगी सासरी सुखी आहे. बापाची दोन बोटे त्यात गेली.

या दोन बोटांचा हिशेब कुणाकडे मागायचा? भाऊंकडे नाही. डाग दिसला की सोयरीक मोडणाऱ्या आपल्या सर्वांकडे.

हा लेख लिहू का, असे आम्ही त्यांना विचारले. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझं नाव नका टाकू. पण बिडीचं टाका."

टाकले आहे.